सहाशे चाळीस पानांची शांतता

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी टंकलेखिकेनं कानातले इअरफोन काढून टेबलावर ठेवले आणि ती म्हणाली, "मेले."

घरात त्या वेळी आणखी दोन माणसं होती. नवरा बाहेरच्या खोलीत एका मिक्सरचं पोट उघडून बसला होता. घरगुती यंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा आणि बाहेरची खोली हेच त्याचं दुकान. सासूबाई स्वयंपाकघरात धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. ही बहीण दुसऱ्या गावी राहते. फोन नसता तरी तिला ऐकू गेलं असतं, असं नवऱ्याचं मत आहे.

"कोण मेलं?" सासूबाईंनी फोन न ठेवता विचारलं.

"मी. आई, मागच्या आठवड्यात दूध उतू गेलं होतं ते आठवतं?"

"गेलं नव्हतं. जात होतं. मी ओरडले म्हणून वाचलं."

"तुम्ही ओरडलात ते मी टाइप केलं."

प्रकार असा होता. एका नव्या सरकारी इमारतीतली लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबत नाही. पहिल्यावर थांबते, दुसऱ्यावर थांबते, चौथ्यावरही थांबते. तिसऱ्यावर का थांबत नाही याच्या चौकशीसाठी समिती नेमली आहे आणि तिचं काम चौदा महिने चालू आहे. साक्षी ध्वनिमुद्रित होतात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला ते ध्वनिमुद्रण टंकलेखिकेच्या संगणकावर येतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत ते शब्दन् शब्द उतरवून परत पाठवायचं. नियम एकच. ऐकू येईल ते लिहायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही, आणि जे कळलंच नाही तिथं कंसात 'अस्पष्ट' लिहून पुढं जायचं. अकरा वर्षं वेगवेगळ्या समित्यांचं हेच काम करून तिची बोटं थेट कानांना जोडली गेली आहेत. मध्ये डोकं लागत नाही. टाइप करता करता ती मनात वाणसामानाची यादी करू शकते, आणि करते.

मागच्या आठवड्यात लिफ्टमनची साक्ष उतरवताना तो एका वाक्यानंतर दम खायला थांबला. नेमकं तेव्हाच स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "दूध उतू जातंय, कुणाचं लक्ष आहे का?" बोटांनी ते लिहून टाकलं. टंकलेखिका उठली, गॅस बंद केला, परत आली आणि पुढच्या वाक्याला लागली. तीन दिवसांनी लिफ्टमननं प्रत्येक पानाखाली सही केली. सही करण्याआधी वाचू नये असा नियम नाही, पण वाचायची पद्धतही नाही.

आज सकाळी आलेल्या ध्वनिमुद्रणात लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीच्या वकिलानं लिफ्टमनची उलटतपासणी घेतली होती. त्या एका ओळीवर ती चाळीस मिनिटं चालली. ती सगळी चाळीस मिनिटं आता टंकलेखिकेलाच उतरवायची होती.

"'दूध उतू जातंय, कुणाचं लक्ष आहे का', हे आपण कुणाला उद्देशून म्हणालात?" वकिलानं विचारलं होतं.

लिफ्टमननं आधी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "साहेब, खाली सही माझीच आहे ना?"

"आपलीच."

"मग म्हणालो असेन."

"दूध कुणाचं होतं?"

"तिसऱ्या मजल्यावरचं असेल. पण तिथं आपली लिफ्ट थांबत नाही साहेब, त्यामुळं नक्की सांगता येणार नाही."

नवऱ्यानं हे ऐकलं तेव्हा त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला आणि मिक्सरमध्ये गेला. तो हसत हसतच स्क्रू शोधत राहिला. सासूबाईंनी बहिणीला ताबडतोब सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "हो ना, आपलं बोलणं सरकारी कागदावर गेलं."

टंकलेखिकेला हसू आलं नाही. तिनं समितीच्या मुख्य कारकुनाला फोन केला आणि जे घडलं ते घडलं तसं सांगितलं. मुख्य कारकून हा हळू बोलणारा माणूस आहे. त्याच्याशी बोलताना पलीकडून फोन ठेवला गेला की काय अशी शंका सतत येते.

"बाई," तो बऱ्याच वेळानं म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावर दूध तापवायची परवानगी कुणी दिली याचा खुलासा समितीनं कालच मागवलाय. पत्र गेलंसुद्धा."

"आता?"

"आता ते परत मागवायला दुसरं पत्र काढावं लागेल. ते मी बघतो. पण बाई, अध्यक्षसाहेबांनी त्या आपोआप टाइप करणाऱ्या मशीनचा नमुना मागवून ठेवलाय. आणखी एक अशी चूक, आणि माझ्या हातात काही राहणार नाही."

त्या मशीनला सासूबाई नाहीत, हा तिचा सगळ्यात मोठा गुण होता.

बुधवार ते शुक्रवार या तीन दिवसांत घरात शांततेचे चार प्रयोग झाले. पहिल्या प्रयोगात इअरफोनवर कापूस लावला. कापसातून मिक्सर ऐकू येत होता, साक्षीदार येत नव्हता. दुसऱ्या प्रयोगात टंकलेखिका संगणक घेऊन कपड्यांच्या कपाटात बसली. आत शांतता उत्तम होती, हवा नव्हती. बावीस मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता आणि केसांत डांबराची गोळी होती. तिसऱ्यांदा नवऱ्यानं कारखान्यात वापरतात तसली आपली कानझाकणी दिली. ती इअरफोनवर बसेनात, बसवली तर डोकं दाबून बाई तासाभरात आडवी.

चौथा प्रयोग म्हणजे ठरवून पाळायची शांतता. वेळ अकरा ते एक. या दोन तासांत नवऱ्यानं कुठलंही यंत्र चालू करून बघायचं नाही आणि सासूबाईंनी हळू बोलायचं. पहिल्याच दिवशी साडेअकराला एक गिऱ्हाईक व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आलं आणि म्हणालं, चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देणार नाही. नवऱ्यानं त्याला जिन्यात नेलं. जिन्यात यंत्र दुप्पट घुमलं आणि वरच्या मजल्यावरचे दोघं खाली येऊन काय झालं म्हणून विचारू लागले. सासूबाईंनी शब्द पाळला, त्या कुजबुजल्याच. पण त्यांची कुजबुज तीन खोल्या ओलांडते, आणि कुजबुजताना माणूस जे बोलतं ते ऐकण्यासारखं असतं. बहिणीच्या सुनेनं सोन्याची साखळी मोडली ती कुणाला न सांगता, हे वाक्य टंकलेखिकेच्या बोटांनी अर्धं लिहिलं होतं. तिनं ते पुसलं आणि संगणक बंद केला.

"मला चांगले हेडफोन हवेत," ती जेवताना म्हणाली. "बाहेरचा आवाज बंद करणारे. खरेखुरे."

"केवढ्याला?" नवऱ्यानं विचारलं.

ती पानावर पैसे घेते, त्यामुळं हिशोबही पानांतच करते. "सहाशे चाळीस पानं."

नवऱ्यानं घास तसाच हातात धरला. "अगं, कानांना लावायचेत की कानांत राहायला जायचंय?"

"काम गेलं तर महिन्याची पाचशे पानं जातील. दर महिन्याची."

"मी तुला शंभर पानांत करून देतो. आतमध्ये एक छोटा माइक बसवायचा, बाहेरचा आवाज उलटा करून..."

"अहो, तुम्ही मागच्या वर्षी दारावरची घंटा दुरुस्त केलीत."

दारावरची घंटा तेव्हापासून फक्त बाहेर ऐकू येते. नवरा जेवू लागला.

सासूबाईंचा आक्षेप वेगळा होता. "म्हणजे माझं बोलणं नको म्हणून एवढे पैसे?"

"तुमचं बोलणं नको असं नाही आई. साक्षीत नको."

"मी काय खोटं बोलले होते? दूध उतू जातच होतं."

शेवटी सासूबाई म्हणाल्या की वस्तू बघितल्याशिवाय आपण काही बोलणार नाही. त्यामुळं शनिवारी तिघंही दुकानात गेले.

दुकानदारानं काचेच्या कपाटातून डबा काढला. चावी त्याच्या गळ्यात होती. हेडफोन काळे होते, दिसायला साधे. टंकलेखिकेनं ते कानांवर चढवले आणि दुकानदारानं बाजूचं बटण दाबलं.

पंखा गेला. रस्ता गेला. शेजारच्या टीव्हीवर कुणीतरी तावातावानं भांडत होतं, त्याचं नुसतं तोंड हलत राहिलं. टंकलेखिकेला स्वतःच्या गिळण्याचा आवाज आला. अकरा वर्षांत तिनं तो पहिल्यांदा ऐकला असावा. ती डोळे मिटून उभी राहिली. दुकानदार काहीतरी म्हणाला, तिनं हसून मान डोलावली. तो पुन्हा म्हणाला, तिनं पुन्हा डोलावली. तो तिची पर्स जमिनीवर पडली आहे असं सांगत होता.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "मी तपासते."

त्या सुनेच्या मागं गेल्या, कानापासून वीतभर अंतरावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं की आपली सून मनानं चांगली आहे पण वरण तिला कधीच जमलं नाही, पडदे सहा महिने धुतलेले नाहीत, आणि लग्नात तिच्या माहेरच्यांनी दिलेला पंखा जुना होता. दुकानातली चार गिऱ्हाइकं वळून बघू लागली. नवरा छताकडं बघू लागला. टंकलेखिका डोळे मिटून हसत होती.

सासूबाई समोर आल्या. "द्या," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "ऐकू येत असतं तर हिनं पंख्यावर नक्की उत्तर दिलं असतं."

बाहेर पडल्यावर टंकलेखिकेनं विचारलं, "काय म्हणालात हो आई?"

"काही नाही गं. तुला शोभतंय म्हटलं."

नवऱ्याला खोकला आला आणि तो फुटपाथ संपेपर्यंत थांबला नाही.

घरी एक नवी अडचण निघाली. या घरातली कुठलीही हरवलेली वस्तू आजवर टंकलेखिकेला हाक मारून सापडत असे. आता हाक पोचेना. रविवारी नवरा वीस मिनिटं चष्मा शोधत होता आणि शेवटी त्यानं तो स्वतःच शोधून काढला, ही गोष्ट त्यानं दोनदा सांगितली. सोमवारी सासूबाईंनी तोडगा काढला. टंकलेखिकेच्या टेबलावरच्या दिव्याचं बटण दाराजवळ आहे. दिवा दोनदा मिचकावला तर चहा, तीनदा मिचकावला तर दारात कुणीतरी, चारदा मिचकावला तर फोन. मिचकावत राहिला तर सासूबाईंना काहीतरी आठवलं आहे.

मंगळवारी दहाला नवं ध्वनिमुद्रण आलं. एक तास बावन्न मिनिटं. साक्षीदार इमारतीचा वायरमन. टंकलेखिकेनं हेडफोन लावले आणि कामाला बसली. काम असं चाललं होतं की तिला स्वतःलाच विश्वास बसेना. वायरमनच्या खिशातल्या चाव्या ऐकू येत होत्या. वकील प्रश्न विचारण्याआधी पेनाचं टोपण काढतो, हेही तिला नव्यानं कळलं. तासाभरात एकही 'अस्पष्ट' लिहावं लागलं नाही.

एक तास सतरा मिनिटांवर अध्यक्षांनी चहाची सुट्टी जाहीर केली. खुर्च्या सरकल्या, दार लागलं. माइक बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. असं बऱ्याचदा होतं. जुन्या इअरफोनवर या जागी नुसती खरखर यायची, ती 'अस्पष्ट' लिहायची आणि पुढं जायची. या वेळी खरखर आली नाही. दोन माणसं लांबवर, माइककडं पाठ करून बोलत होती आणि प्रत्येक शब्द कळत होता.

"त्या टाइप करणाऱ्या बाईंना महिनाअखेर निरोप द्या," अध्यक्ष म्हणाले. "मशीन घेऊ. दुधाचं निमित्त आहेच."

"साहेब, बाई अकरा वर्षं आहेत," मुख्य कारकून म्हणाला.

"म्हणून तर निमित्त लागतंय."

मग कपबशीचा आवाज. मग पुन्हा अध्यक्ष, "आणि हे लिफ्टचं अजून वर्षभर तरी चालू द्या. माझी खोली तिसऱ्यावर आहे. चौदा महिने झाले, चौथ्यावर उतरून एक जिना खाली यायचा लोकांना कंटाळा. एक माणूस तक्रार घेऊन येत नाही. इतकं शांत ऑफिस मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं."

टंकलेखिकेची बोटं हे सगळं लिहून मोकळी झाली होती. तिनं हात मांडीवर ठेवले आणि पडद्यावरच्या आठ ओळी वाचल्या. मग हेडफोन काढून तिनं दोघांना हाक मारली.

नवऱ्यानं ओळी वाचल्या, हात पुसले आणि पुन्हा वाचल्या. "अस्पष्ट लिही," तो म्हणाला. "पूर्वीही असंच व्हायचं ना? लिही अस्पष्ट आणि सुट."

"पूर्वी खरंच ऐकू यायचं नाही."

"त्यांना काय माहीत आता येतं ते?"

"मला माहीत आहे ना."

"हे कोण कोण वाचतं?"

"मी पाठवलं की समितीकडं जातं. आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांकडं प्रत आपोआप जाते. त्याच मिनिटाला."

नवरा खाली बसला. "म्हणजे तो कंपनीचा वकील. दुधावर चाळीस मिनिटं घेतलीन त्यानं. यावर तर तो मुक्कामाला येईल."

"येईल."

"आणि तुझं काम?"

"ते महिनाअखेर जाणारच आहे. आता लिहिलं तर कदाचित उद्याच जाईल." तिनं आठ ओळींवरून पुन्हा नजर फिरवली. "किंवा कदाचित जाणार नाही. काढलं तर का काढलं ते सगळ्यांना कळेल."

"मग तू हे त्यासाठी लिहितेयस?"

अकरा वर्षांत तिनं जे ऐकलं नाही ते कधी लिहिलं नव्हतं. दूधसुद्धा निदान ऐकू आलं होतं. ऐकलेलं गाळून तिथं 'अस्पष्ट' लिहिलं, तर ते तिचं पहिलं खोटं पान झालं असतं. पण आपल्याला भीती वाटते आहे आणि रागही आला आहे, हेही तिला कळत होतं. त्यांतलं कुठलं बोटांपर्यंत पोचलं होतं हे तिला सांगता येईना.

"नियम आहे," ती शेवटी म्हणाली.

सासूबाई इतका वेळ चष्मा लावून पडद्याजवळ वाकल्या होत्या. "हा कारकून बरा माणूस दिसतो," त्या म्हणाल्या. "अगं, पण माझ्यासारखी बाई घरात ओरडली ते चौकशीत चालतं, आणि हा अध्यक्ष चौकशीच्या खोलीत बसून बोलला ते चालत नाही? लिही. सहाशे चाळीस पानं काय त्या वायरमनच्या चाव्या ऐकायला दिली?"

"आई, तू गप्प बस," नवरा म्हणाला.

"मी गप्प बसले तरी हिला काय कळणार आहे? लाव गं ते कानाला आणि पुढचं कर."

बुधवारी दुपारी चार वाजून बावन्न मिनिटांनी, मुदतीच्या आठ मिनिटं आधी, टंकलेखिकेनं एकूण एकावन्न पानं पाठवली. आठ ओळी छत्तिसाव्या पानावर होत्या. बोलणाऱ्यांच्या पदांपुढं तिनं कंसात 'हळू आवाजात' एवढंच घातलं होतं, कारण तसं घालायची पद्धत आहे. फाइल समितीच्या कार्यालयात पाच वीसला उघडली गेली, पाच चोवीसला पुन्हा उघडली गेली, आणि गुरुवारी सकाळी नऊला तिसऱ्यांदा. कंपनीच्या वकिलाकडं ती एकदाच उघडली, पण दोन तास बंद झाली नाही. हे सगळं संगणकावर दिसतं. टंकलेखिकेनं यापूर्वी ते कधी बघितलं नव्हतं.

गुरुवारी बारा वाजून पंधरा मिनिटांनी दिवा चारदा मिचकावला. मुख्य कारकुनाचा फोन होता.

"बाई," तो म्हणाला, "साहेबांनी विचारलंय, तुमचा हेडफोन कुठल्या कंपनीचा?"

"कशासाठी?"

"ते नाही सांगितलं. मॉडेलचा नंबरही विचारलाय."

टंकलेखिकेनं डबा आणून नंबर वाचून दाखवला. त्यानं तो लिहून घेतला आणि पुन्हा वाचून खात्री केली.

"साहेब रागावलेत का?"

"दार लावून बसलेत. सकाळपासून तिसऱ्या मजल्यावर पाच माणसं जिन्यानं येऊन गेली. त्यांतले दोघं वकील." मग त्यानं आवाज आणखी खाली आणला. "बाई, छत्तिसाव्या पानावर माझं एक वाक्य आहे."

"आहे. ऐकू आलं तसंच लिहिलंय."

"हो. बरं वाटलं बघून," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत घरात तीन मतं झाली. नवऱ्याच्या मते अध्यक्ष हेडफोनची तक्रार करणार, म्हणजे बाईंना ऐकू आलं ते यंत्रानं बनवलं असं म्हणणार. सासूबाईंच्या मते तिसऱ्या मजल्यावर आता गर्दी होणार, म्हणून अध्यक्षांना स्वतःसाठीच असा हेडफोन हवा आहे. त्यांच्या बहिणीचं मत फोनवरून आलं आणि ते दोन्ही बाजूंनी होतं. टंकलेखिकेनं मत दिलं नाही. तिनं वाणसामानाची यादी केली, या वेळी कागदावर.

शुक्रवारी सकाळी दहाला नवं ध्वनिमुद्रण यायचं होतं. पावणेदहापासून ती टेबलाशी बसली होती. नवऱ्यानं कुणी न सांगता यंत्रं बंद ठेवली होती आणि सासूबाई दाराच्या चौकटीत, दिव्याच्या बटणाजवळ उभ्या होत्या. दहा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत ध्वनिमुद्रण आलेलं नव्हतं. येणार नाही असंही कुणी कळवलेलं नव्हतं.